सामूहिक दावे आणि वकिली व्यवसाय : लहान हक्कांचे अर्थशास्त्र

एखाद्या कंपनीने हिशेबात खोटी माहिती दिली आणि त्यामुळे एक लाख भागधारकांचे प्रत्येकी ४०० रुपयांचे नुकसान झाले, असे समजू. एकूण नुकसान ४ कोटी रुपयांचे होते. न्यायालयात दावा चालविण्यास २० लाख रुपये खर्च येत असेल, तर ४०० रुपयांसाठी कोणताही एक भागधारक दावा दाखल करणार नाही. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, ही म्हण येथे केवळ अनुभवाची नसून साध्या गणिताची आहे. मात्र सर्व भागधारकांनी मिळून एकच दावा केला, तर खर्चाचा वाटा माणशी अवघा २० रुपये पडतो. वैयक्तिक पातळीवर निरर्थक ठरणारा हक्क सामूहिक पातळीवर अर्थपूर्ण होतो. सामूहिक दाव्याची संपूर्ण कल्पना या गणितावर उभी आहे.

तथापि हे गणित आपोआप सुटत नाही. एक लाख लोकांना एकत्र आणणे, पुरावा गोळा करणे, निकाल लागेपर्यंत अनेक वर्षे खर्च सोसणे ही कामे कोणीतरी करावी लागतात. अमेरिकेत ही कामे एका विशिष्ट वर्गातील वकिलांनी व्यवसाय म्हणून स्वीकारली. भारताने कंपनी अधिनियम, २०१३ द्वारे सामूहिक दाव्याचा हक्क दिला. परंतु तो हक्क बजावण्यात स्वारस्य असणारा व्यावसायिक निर्माण झाला नाही. या फरकाची कारणे व परिणाम समजून घेणे कायदा, अर्थशास्त्र आणि प्रशासन या तिन्ही विषयांच्या अभ्यासकांसाठी उपयुक्त आहे.

एकत्र येण्यातील अडचण

मॅन्कर ओल्सन या अर्थशास्त्रज्ञाने १९६५ मध्ये सामूहिक कृतीविषयी मांडलेला सिद्धांत येथे लागू पडतो. ज्या कृतीचा लाभ सर्वांना मिळणार असतो, तिचा भार उचलण्यास मोठ्या गटातील प्रत्येक व्यक्ती टाळाटाळ करते. दुसऱ्याने दावा करावा आणि लाभ मात्र आपल्यालाही मिळावा, असा विचार प्रत्येकाने केला की दावा उभाच राहत नाही. चूक करणाऱ्या संस्थेला ही गोष्ट माहीत असते. नुकसान मोजक्या लोकांचे व मोठे असेल तर तिला न्यायालयाचा धाक वाटतो. तेच नुकसान लाखो लोकांत वाटले गेले तर धाक नाहीसा होतो. म्हणजे विखुरलेले नुकसान करणे फायद्याचे ठरते.

ही अडचण दूर करण्याचे दोन प्रमुख मार्ग आहेत. पहिला मार्ग सार्वजनिक अंमलबजावणीचा. यात नियामक संस्था किंवा शासन नागरिकांच्या वतीने कारवाई करते. भारतीय प्रतिभूती आणि विनिमय मंडळ म्हणजे सेबी, तसेच २०२० मध्ये स्थापन झालेले केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण ही त्याची उदाहरणे होत. दुसरा मार्ग खासगी अंमलबजावणीचा. यात एक किंवा काही व्यक्ती संपूर्ण गटाच्या वतीने दावा करतात आणि निकाल सर्वांना बंधनकारक होतो. दुसऱ्या मार्गात वकिलाची भूमिका निर्णायक ठरते.

अमेरिकेतील जडणघडण

अमेरिकेच्या संघीय दिवाणी प्रक्रिया नियमांतील २३ वा नियम १९३८ मध्ये अस्तित्वात आला. परंतु त्याला आजचे स्वरूप १९६६ च्या दुरुस्तीने मिळाले. न्यायालयाने सामूहिक दाव्यास मान्यता देण्यासाठी चार अटी पूर्ण व्हाव्या लागतात. गटातील व्यक्तींची संख्या मोठी असावी. कायद्याचे किंवा वस्तुस्थितीचे प्रश्न समान असावेत. प्रतिनिधी वादीची तक्रार इतरांच्या तक्रारीसारखीच असावी. आणि प्रतिनिधी व त्याचा वकील गटाच्या हिताचे योग्य रक्षण करण्यास समर्थ असावेत. भरपाईच्या दाव्यांत १९६६ नंतर महत्त्वाचा बदल झाला. गटातील व्यक्तीने दाव्यात सामील होण्यासाठी अर्ज करण्याची गरज उरली नाही. तिने बाहेर पडण्याची इच्छा कळविली नाही तर ती दाव्यात आहे असे धरले जाऊ लागले. माणसाच्या निष्क्रियतेमुळे जो हक्क बुडत होता, तो या एका बदलाने वाचला.

दुसरा आधार फीच्या पद्धतीचा. अमेरिकेत सर्वसाधारणपणे प्रत्येक पक्ष आपापल्या वकिलाचा खर्च सोसतो आणि यश मिळाले तरच फी, असा करार करण्यास वकिलाला मुभा आहे. शिवाय ज्याच्या प्रयत्नाने सर्वांसाठी निधी निर्माण झाला, त्याचा खर्च त्या निधीतून द्यावा, हे तत्त्व तेथील सर्वोच्च न्यायालयाने १८८१ मध्येच मान्य केले होते. म्हणून सामूहिक दावा चालविणारा वकील एका अर्थी उद्योजक असतो. तो स्वतःचे भांडवल गुंतवतो, जोखीम पत्करतो आणि हरल्यास सर्व खर्च गमावतो.

जोखीम किती असते, हे १९७४ मधील आयझेन खटल्यावरून दिसते. शेअर बाजारातील किरकोळ व्यवहारांवर जादा आकारणी झाल्याची ही तक्रार होती. वादीचे स्वतःचे नुकसान फक्त ७० डॉलर होते, तर ज्यांचे पत्ते सापडू शकत होते असे गटातील लोक सुमारे साडेबावीस लाख होते. या प्रत्येकाला स्वतंत्र सूचना पाठवावी आणि तिचा खर्च वादीनेच करावा, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने दिला. ७० डॉलरच्या वादीला तो खर्च पेलणे शक्य नव्हते. हक्क आणि तो बजावण्याचा खर्च यांतील अंतर या निर्णयाने ठळक केले.

वकिलाच्या कामाचे स्वरूप

व्यापारविषयक व सामूहिक दावे चालविणाऱ्या वकिलाचे काम न्यायालयातील युक्तिवादापुरते मर्यादित नसते. प्रथम तो कंपनीचे ताळेबंद, जाहीर निवेदने आणि भावातील चढउतार तपासून दावा करण्याजोगा आहे काय हे ठरवितो. त्यानंतर दावा दाखल होतो आणि गटाला मान्यता मिळविण्याची लढाई सुरू होते. हा टप्पा अनेकदा निर्णायक असतो. वॉलमार्टविरुद्धच्या दाव्यात सुमारे १५ लाख महिला कर्मचाऱ्यांचा गट २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अमान्य केला, तेव्हा भेदभाव झाला की नाही हा मूळ प्रश्न अनिर्णितच राहिला. मान्यता मिळाल्यास कागदपत्रांची तपासणी, साक्षीदारांच्या जबान्या आणि नुकसानीचे मोजमाप हे टप्पे येतात.

नुकसानीच्या मोजमापात अर्थशास्त्रज्ञांची मदत घेतली जाते. खरी माहिती बाहेर आल्याच्या दिवशी भाव किती घसरला, त्यापैकी किती घसरण संपूर्ण बाजाराच्या घसरणीमुळे होती आणि किती त्या माहितीमुळे, याचे संख्याशास्त्रीय विश्लेषण करावे लागते. १९८८ च्या बेसिक खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने असे गृहीत धरण्यास संमती दिली की, कार्यक्षम बाजारात जाहीर झालेली माहिती भावात उतरते. त्यामुळे प्रत्येक गुंतवणूकदाराने खोटे निवेदन स्वतः वाचले होते, हे सिद्ध करण्याची गरज नाही. अर्थशास्त्रातील एक सिद्धांत अशा रीतीने न्यायालयीन पुराव्याचा भाग बनला. शेवटी बहुतेक दावे तडजोडीने मिटतात. ती तडजोड योग्य आहे काय आणि वकिलाची फी वाजवी आहे काय, याची तपासणी न्यायाधीश करतात.

एका कारकिर्दीचा धडा

या व्यवसायाची शक्ती आणि दुबळेपणा विल्यम लेराच यांच्या कारकिर्दीत एकत्र पाहावयास मिळतो. १९४६ मध्ये जन्मलेल्या लेराच यांनी पिट्सबर्ग विद्यापीठातून कायद्याची पदवी घेतली. १९७६ पासून सॅन डिएगो येथे त्यांनी भागधारकांच्या वतीने कंपन्यांविरुद्ध दावे चालविण्यास प्रारंभ केला. भाव घसरला की काही तासांत दावा, अशी टीका त्यांच्या पद्धतीवर उद्योगक्षेत्रातून होत असे. अशा दाव्यांना आळा घालण्यासाठी अमेरिकी काँग्रेसने १९९५ मध्ये कायदा करून ज्याचे आर्थिक नुकसान सर्वाधिक त्यालाच प्रमुख वादी मानण्याची तरतूद केली. प्रथम न्यायालयात पोहोचणाऱ्या नाममात्र वादीऐवजी निवृत्तिवेतन निधी व विद्यापीठे यांसारख्या मोठ्या गुंतवणूकदारांनी वकिलांवर लक्ष ठेवावे, हा त्यामागील हेतू होता.

डिसेंबर २००१ मध्ये एन्रॉन कंपनी दिवाळखोरीत गेली. महाराष्ट्रातील दाभोळ वीज प्रकल्पामुळे या कंपनीचे नाव मराठी वाचकांना परिचित आहे. एन्रॉनच्या भागधारकांच्या दाव्यात कॅलिफोर्निया विद्यापीठ प्रमुख वादी होते आणि लेराच प्रमुख वकील होते. कंपनीकडे देण्यासारखे काही उरले नसताना तिच्याशी व्यवहार करणाऱ्या मोठ्या बँकांना जबाबदार धरण्याचे धोरण त्यांनी अवलंबिले आणि सुमारे ७.२ अब्ज डॉलरच्या तडजोडी झाल्या. न्यायालयाने २००८ मध्ये वकिलांसाठी सुमारे ६८ कोटी ८० लाख डॉलर फी मंजूर केली. फीची ही रक्कम प्रचंड वाटली, तरी ती वसुलीच्या साडेनऊ टक्क्यांच्या आसपास होती.

याच सुमारास दुसरी बाजू उघडकीस आली. लेराच यांच्या पूर्वीच्या मिलबर्ग वाइस या वकील संस्थेने अनेक वर्षे ठरावीक लोकांना गुप्तपणे पैसे देऊन वादी म्हणून उभे केले होते. असा वादी न्यायालयापुढे स्वतःला गटाचा निःपक्षपाती प्रतिनिधी म्हणवीत असे. प्रत्यक्षात त्याचे हित भागधारकांच्या भरपाईत नसून वकिलाच्या फीत असे. लेराच यांनी २००७ मध्ये कट केल्याचा गुन्हा कबूल केला. त्यांना दोन वर्षांच्या कारावासाची शिक्षा झाली आणि त्यांची सनदही गेली. संस्थेचे प्रमुख मेल्विन वाइस यांना ३० महिन्यांची शिक्षा झाली, तर संस्थेने ७ कोटी ५० लाख डॉलर भरून प्रकरण मिटविले.

अर्थशास्त्रात याला मुखत्याराची समस्या म्हणता येईल. ज्याच्या हाती दुसऱ्याचे हित सोपविले जाते, त्याचे स्वतःचे हित वेगळे असू शकते. लाखो अशिलांपैकी कोणाचेही लक्ष नसलेल्या वकिलाबाबत हा धोका अधिक असतो. कमी रकमेची तडजोड लवकर स्वीकारून फी पदरात पाडून घेण्याचा मोह त्याला होऊ शकतो. परंतु याच कारकिर्दीतून हेही दिसते की, फीचे आकर्षण नसते तर एन्रॉनच्या भागधारकांसाठी एवढी मोठी जोखीम पत्करण्यास कोणी पुढे आले असते असे मानणे कठीण आहे.

भारतातील वाटचाल

भारतात प्रातिनिधिक दावा नवा नाही. दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ मधील आदेश १, नियम ८ अन्वये समान हितसंबंध असलेल्या अनेकांच्या वतीने एक किंवा काही व्यक्ती न्यायालयाच्या परवानगीने दावा करू शकतात. ग्राहक संरक्षण अधिनियम, १९८६ मध्ये अशीच तरतूद होती आणि २०१९ च्या अधिनियमातील कलम ३५ मध्ये ती कायम राहिली. अनेक सदनिकाधारकांनी एकत्र येऊन दाखल केलेली प्रत्येक तक्रार ही सामूहिक तक्रार नसते, त्यासाठी सर्वांचे हित समान असल्याचे दाखवावे लागते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये ब्रिगेड एंटरप्रायझेस प्रकरणात स्पष्ट केले. याशिवाय १९८० च्या दशकात विकसित झालेल्या जनहित याचिकेने सामूहिक हक्कांसाठी दार उघडले. मात्र तिचा रोख मुख्यत्वे शासनाच्या कर्तव्यपालनावर राहिला, खासगी नुकसानीच्या भरपाईवर नव्हे.

भोपाळ वायुदुर्घटनेनंतर डिसेंबर १९८४ मध्येच अमेरिकी वकील वकीलपत्रे मिळविण्यासाठी शहरात दाखल झाले होते. संसदेने १९८५ मध्ये कायदा करून सर्व पीडितांचे प्रतिनिधित्व करण्याचा अधिकार केंद्र शासनाकडे घेतला. अमेरिकेतील न्यायालयाने १९८६ मध्ये हे दावे भारतातच चालवावेत असा निर्णय दिला. १९८९ मध्ये ४७ कोटी डॉलरची तडजोड झाली. मूळ मागणी ३ अब्ज डॉलरहून अधिक होती. पीडितांचे म्हणणे ऐकल्याविना तडजोड झाली, हा आक्षेप पुढे दीर्घकाळ टिकला आणि वाढीव भरपाईसाठीची केंद्राची याचिका सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये फेटाळली. मुखत्याराची समस्या खासगी वकिलापुरती नसते, प्रतिनिधी शासन असले तरी ती उद्भवते, हा यातील बोध आहे.

कंपनी कायद्याच्या संदर्भात निर्णायक ठरले ते सत्यम प्रकरण. ७ जानेवारी २००९ रोजी सत्यम कॉम्प्युटर्सच्या अध्यक्षांनी हिशेबातील गैरव्यवहाराची कबुली दिली. न्यूयॉर्क शेअर बाजारातून गुंतवणूक केलेल्यांनी अमेरिकेत सामूहिक दावा केला. २०११ मध्ये कंपनीने १२ कोटी ५० लाख डॉलर आणि लेखापरीक्षक संस्थेने २ कोटी ५५ लाख डॉलर देऊन तो मिटविला. त्याच कंपनीच्या समभागांत त्याच खोट्या ताळेबंदावर विसंबून भारतात पैसे गुंतविणाऱ्यांना मात्र अशा भरपाईचा मार्ग उपलब्ध नव्हता.

जे. जे. इराणी समितीने २००५ मध्येच सामूहिक दाव्यांची शिफारस केली होती. ती कंपनी अधिनियम, २०१३ च्या कलम २४५ मध्ये प्रत्यक्षात आली आणि १ जून २०१६ पासून हे कलम अमलात आले. त्यानुसार भागधारक किंवा ठेवीदार राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरणाकडे अर्ज करू शकतात. कंपनी व संचालकांबरोबरच लेखापरीक्षक आणि सल्लागार यांच्याकडूनही भरपाई मागता येते. किमान पात्रता २०१९ च्या नियमांनी ठरविली : एकूण सदस्यांच्या ५ टक्के किंवा १०० सदस्य यांपैकी जी संख्या कमी असेल ती, अथवा नोंदणीकृत कंपनीत २ टक्के व इतर कंपन्यांत ५ टक्के भागभांडवल. बँकिंग कंपन्यांना हे कलम लागू नाही. अर्ज निरर्थक किंवा त्रासदायक ठरल्यास अर्जदाराला १ लाख रुपयांपर्यंत खर्च द्यावा लागू शकतो. एवढी तरतूद असूनही अनेक वर्षे या कलमाचा वापर जवळजवळ झालाच नाही. जिंदाल पॉली फिल्म्सच्या अल्पसंख्य भागधारकांचा अर्ज २०२४ मध्ये चर्चेत आला, तेव्हा कलम अमलात येऊन सुमारे आठ वर्षे उलटली होती.

फीचा प्रश्न

हे कलम वापराविना का पडून राहिले, याचे एक महत्त्वाचे कारण वकिली व्यवसायाच्या नियमांत आहे. अधिवक्ता अधिनियम, १९६१ अन्वये भारतीय विधिज्ञ परिषदेने केलेल्या नियमांतील नियम २० नुसार वकिलाला निकालावर अवलंबून असणारी फी ठरविता येत नाही, तसेच मिळणाऱ्या रकमेत वाटा घेता येत नाही. नियम ३६ अन्वये त्याला जाहिरात करून अशील मिळविण्यासही मनाई आहे. भरपाईच्या टक्केवारीवर आधारलेली फी लोकनीतीविरुद्ध असून तिची मागणी हे व्यावसायिक गैरवर्तन आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये मोटार अपघात भरपाईशी संबंधित प्रकरणात पुन्हा स्पष्ट केले. या नियमांमागील विचार क्षुल्लक नाही. वकील हा न्यायालयाचा अधिकारी असतो. दाव्यात त्याचाच पैसा गुंतला तर त्याची सचोटी धोक्यात येते. मिलबर्ग वाइस प्रकरण या भीतीला दुजोरा देते.

परंतु या नियमांची किंमतही मोजावी लागते. प्रारंभीच्या उदाहरणातील ४०० रुपये गमावलेल्या भागधारकाला २० लाख रुपये आधी उभे करावे लागतात. शिवाय आपल्याकडे हरणाऱ्याने जिंकणाऱ्याचा खर्च द्यावा, असे सर्वसाधारण तत्त्व आहे. म्हणजे लाभ सर्वांचा आणि जोखीम पुढाकार घेणाऱ्याची. ओल्सनच्या सिद्धांतानुसार अशा स्थितीत दावा न होणे हेच अपेक्षित आहे.

उपलब्ध पर्याय

पहिला पर्याय कायद्यातच आहे. कंपनी अधिनियमाच्या कलम १२५ नुसार सामूहिक दाव्याचा खर्च न्यायाधिकरणाच्या मंजुरीने गुंतवणूकदार शिक्षण आणि संरक्षण निधीतून भागविता येतो. मात्र ही खर्चाची नंतर होणारी प्रतिपूर्ती आहे. प्रारंभीचा पैसा कोठून आणावयाचा, हा प्रश्न तिने सुटत नाही.

दुसरा पर्याय त्रयस्थाकडून अर्थसाहाय्याचा. वकील नसलेल्या व्यक्तीने दाव्यास पैसा पुरवून निकालानंतर तो परत घेण्यावर बंधन दिसत नाही, असे निरीक्षण सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये बालाजी प्रकरणात नोंदविले. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २५ मधील महाराष्ट्राच्या दुरुस्तीत तर दाव्यास पैसा पुरविणाऱ्या त्रयस्थाला पक्षकार करून त्याच्याकडून तारण घेण्याची तरतूद आहे. अर्थात अशा वित्तपुरवठ्यावर देखरेखीचे स्पष्ट नियम असणे आवश्यक आहे.

तिसरा पर्याय मान्यताप्राप्त संघटनांचा. युरोपीय संघाने २०२० च्या निर्देशाद्वारे ग्राहकांच्या वतीने दावा करण्याचा अधिकार पात्र संस्थांना दिला. चौथा पर्याय मर्यादित यशाधारित फीचा. ती केवळ कलम २४५ खालील अर्जांपुरती, कमाल मर्यादेसह आणि न्यायाधिकरणाच्या मंजुरीनंतरच देय असावी, अशी रचना करता येईल.

सार्वजनिक अंमलबजावणी पुरेशी असल्यास या पर्यायांची गरज काय, असा प्रश्न विचारला जाऊ शकतो. सहारा समूहाच्या दोन कंपन्यांनी सुमारे २४ हजार कोटी रुपये गुंतवणूकदारांना परत करावेत, हा सर्वोच्च न्यायालयाचा २०१२ मधील आदेश सेबीच्या कारवाईचे मोठे यश होते. तथापि नियामकाचे मनुष्यबळ मर्यादित असते आणि दंडाची रक्कम पीडिताच्या हाती पडतेच असे नाही. दोन्ही मार्ग परस्परांना पूरक मानणेच योग्य ठरते.

समारोप

या क्षेत्राकडे वळू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यासाठी कायद्याची तीन किंवा पाच वर्षांची पदवी, राज्य विधिज्ञ परिषदेकडील नोंदणी आणि अखिल भारतीय विधिज्ञ परीक्षा हा रूढ मार्ग आहे. कंपनी अधिनियमाच्या कलम ४३२ अन्वये सनदी लेखापाल, कंपनी सचिव आणि परिव्यय लेखापाल यांनाही न्यायाधिकरणापुढे बाजू मांडता येते. त्यामुळे ताळेबंद वाचता येणे, बाजाराची रीत समजणे आणि आकडेवारीचा पुरावा म्हणून उपयोग करता येणे, ही कौशल्ये कलमांच्या ज्ञानाइतकीच मोलाची ठरतात.

अमेरिकेच्या अनुभवातून वकिलाला मोबदल्याचे आकर्षण दिल्यास लहान माणसाचा हक्क बजावला जातो, हे दिसते. देखरेख नसेल तर तोच हक्क वकिलाच्या कमाईचे साधन बनतो, हेही दिसते. भारताने दुसरा धोका टाळला, पण त्याबरोबर पहिला लाभही गमावला. कलम २४५ मुळे भागधारकाला दार मिळाले आहे. त्या दारापर्यंत जाण्याचा खर्च कोणी करावयाचा, याचे उत्तर अद्याप द्यावयाचे आहे. मोबदला आणि देखरेख यांचा मेळ घालणारे उत्तर मिळेपर्यंत ४०० रुपयांचा हक्क कागदावरच राहील आणि विखुरलेले नुकसान करणाऱ्याला धाक वाटणार नाही.